डबा कुणाकडं आहे?

सांगलीच्या विश्रामबागेत एका मित्राच्या गच्चीवर महिन्यातून एका रविवारी आम्ही दहा-बाराजण जुना सिनेमा बघतो. दोरीवर ताणलेली पांढरी चादर, उसना प्रोजेक्टर, परातभर भडंग. सिनेमा दोन तासांत आटोपतो; त्यानंतरचा वाद मात्र खालच्या वॉचमननं शिट्टी मारेपर्यंत चालतो. गेलं वर्षभर तो एकाच ठिकाणी येऊन अडकतोय: आता पुढं कुठला जुना चित्रपट स्वच्छ होऊन, नीट प्रतीत, डिस्कवर, घरी बघायला मिळणार? आमच्यातल्या एकानं त्यासाठी दोनशे पानी वही घातलीय. डावीकडं चित्रपटाचं नाव, उजवीकडं ‘येण्याची शक्यता’, टक्क्यांत. परदेशातल्या महोत्सवात काय दाखवलं, कुठल्या कंपनीनं कुणाचे हक्क घेतल्याची कुणकुण आहे, अमक्या दिग्दर्शकाची जन्मशताब्दी कधी, यावरून तो टक्के वरखाली करतो. दुसरी बाजू त्याची टर उडवते. डिस्क आता घेतंय कोण, प्लेअर राहिलाय कुणाकडं, सगळं तर फोनवर फुकट पडलंय!

दोन्ही बाजूंना मी तेच तेच सांगून दमलो, म्हणून हे लिहायला बसलो. बंद दारासमोर उभं राहून आत काय शिजतंय यावर दोघंही पैजा लावताहेत, दार ठोठावायचं कुणाच्याच डोक्यात येत नाही. जुना चित्रपट घरी येणार की नाही हे जन्मशताब्दीवर ठरत नाही आणि डिस्कचा धंदा बुडाला की तरला यावरही फारसं ठरत नाही. ते ठरतं फिल्मची रिळं ठेवलेल्या एका पत्र्याच्या डब्यावर. मूळ निगेटिव्ह (जिच्यावरून सगळ्या प्रती छापतात ती फिल्म) शिल्लक आहे का, कुठल्या अवस्थेत आहे, ताब्यात कुणाच्या आहे आणि हक्क कुणाचा आहे, या चार गोष्टी कळल्याशिवाय टक्के मांडणं म्हणजे पंचांग उघडून कृष्णेचं पाणी किती चढेल ते बघणं. आणि या चार गोष्टी विचारायचा अधिकार तुम्हा-आम्हाला आहे. तो आपण वापरत नाही, हे माझं खरं दुखणं.

वहीत नवव्या क्रमांकावर ‘सावकारी पाश’ होता. १९२५ सालचा, कोल्हापूरचा, बाबूराव पेंटरांचा मूकपट. त्यात तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. शक्यता, तीस टक्के. या मूकपटाची एकही प्रत आज कुठं असल्याचं कुणाला माहीत नाही. मग तीस टक्के कशाचे? ‘आलम आरा’, १९३१, देशातला पहिला बोलपट, त्याचीही तीच गत. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळं हाताशी आहेत, आणि तीसुद्धा १९१३ची नसून १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक मानतात. हे चित्रपट कुणी मुद्दाम बुडवले नाहीत. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे जवळजवळ दारूगोळाच. एकदा पेटली की हवा तोडूनही विझत नाही. न पेटली तर हळूहळू चिकट होऊन शेवटी तिची भुकटी होते. शिवाय कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते. पडद्यावरून उतरलेला चित्रपट निर्मात्याच्या हिशोबी मेलेला, आणि चांदी तर जिवंत. आमच्या जिल्ह्याला हे समजावून सांगायची गरज नाही. विटा-खानापूरकडचे गलाईवाले देशभर सोनं-चांदी गाळतात. (त्यांच्यावर आळ घेत नाही. गाळणाऱ्याकडं माल आणून देणारा घरातलाच असतो.) १९५०च्या आसपास नायट्रेट गेलं, त्याच्या जागी आलेल्या अॅसिटेटला वेगळा रोग: दमट हवेत ते व्हिनेगरसारखं आंबतं, आक्रसतं, वाकडं होतं. आणि जे सांभाळून ठेवलं होतं त्यातलंही बरंच २००३च्या जानेवारीत पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या नायट्रेट कोठारात जळालं.

आता टर उडवणाऱ्यांकडं वळतो, कारण त्यांचे मुद्दे वाटतात तेवढे उथळ नाहीत. डिस्कचा बाजार गेला, हे खरंच आहे. त्याआधी कॅसेटचाही गेला: व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनी २०१६ साली थांबली. डिस्क घरपोच पाठवून मोठ्या झालेल्या नेटफ्लिक्सनं २०२३ साली ते खातं बंद केलं. सांगलीत आज ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीनंतरच्या डिस्कचा, प्लेअर मागायला गेलात तर दुकानदार तुम्हाला आधी बसायला खुर्ची देईल, मग पाणी. वहीवाल्याला हे मान्यच करावं लागेल की तो ज्या गाडीची वाट बघतोय तिचे रूळच उखडलेत. फुकटचा मुद्दा तर त्याहून वजनदार. माझी आत्या जतजवळच्या गावात राहते. तिथं चित्रपटगृह नाही, कधी नव्हतं. तिनं ‘संत तुकाराम’ पहिल्यांदा पुरता पाहिला तो नातवाच्या फोनवर, शेळ्यांना पाला टाकता टाकता. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गाजलेला चित्रपट तिच्यापर्यंत पोचायला तब्बल ऐंशी वर्षं गेली आणि तो शेवटी पोचवला कुणा अनामिकानं, परवानगी न घेता. अशा वेळी शुद्ध प्रतीचा हट्ट म्हणजे पेठेतल्या लोकांचे चोचले, असं कुणी म्हणालं तर मी चटकन उलट बोलू शकत नाही.

पण तिनं पाहिलं ते नेमकं काय? मी तो व्हिडिओ नंतर उघडला. कोपऱ्यात कुठल्याशा वाहिनीचं चिन्ह, खाली कंपनीचा नंबर फिरतोय, वर पगडीचा शेंडा कापलेला. मूळ बहुधा व्हीसीडी असावी. व्हीसीडी म्हणजे उभ्यात २८८ आणि आडव्यात ३५२ ठिपके. ब्लू-रेवर हेच आकडे १०८० आणि १९२०, आणि चांगल्या निगेटिव्हमध्ये त्याहूनही जास्त तपशील असतो. थोडक्यात झेरॉक्सची झेरॉक्स. अक्षर लागतं, सही ओळखू येत नाही. आवाजाचं तर विचारूच नका. आमच्या गच्चीवर एक मिरजेचा गृहस्थ येतो, घराणं तंबोरे-सतार बनवणाऱ्यांचं. एकदा जुन्या चित्रपटातलं पद सुरू झालं तसा तो अस्वस्थ झाला. म्हणाला, “सूर चढलाय. बाई एवढ्या वर गात नव्हती.” आम्ही हसलो. पण तो बरोबर होता. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. आपल्याकडच्या टीव्हीच्या, म्हणजे पाल पद्धतीच्या डिस्कवर घालताना तो बहुतेकदा सरळ २५नं पळवतात. चार टक्के वेग वाढतो, तेवढाच सूर वर जातो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या थोडं अलीकडं कुठंतरी. एखाद्या गायिकेचा गळा पिढीभर चुकीच्या पट्टीत ऐकायचा आणि मग तिच्या गाण्यावर लेख लिहायचे! फुकट मिळतंय याचा आनंद मलाही आहे. त्या फुकटामुळं ‘चित्रपट आहे की, वाचलाय की’ असं सगळ्यांना वाटायला लागलंय, त्याची मला धास्ती आहे. पुसट प्रत फिरत राहते आणि तिच्या भरवशावर मूळ डबा आंबत पडतो.

मग घरोघरी प्रत असण्याला अर्थ नाही का? आहे, आणि इथं मी पुरता वहीवाल्याच्या बाजूचा. त्यासाठी मिरजेचंच उदाहरण घ्या. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आजही ऐकता येतात, आणि त्या वाचल्या त्या कुणा एका संग्रहालयाच्या कृपेनं नव्हे. तबकडी विकली जायची. वकिलाच्या माडीवर एक, हळदीच्या अडत्याकडं एक, संस्थानिकाकडं दहा. नव्वद फुटल्या तरी दहा उरल्या, आणि त्या दहांतली सगळ्यांत कमी झिजलेली शोधून काढणारे वेडे संग्राहकही निघाले. त्याच सुमाराला बनलेल्या चित्रपटाची प्रत मात्र कधी विकलीच गेली नाही. मोजक्या प्रती भाड्यानं गावोगाव फिरायच्या, ओरखडे पडून परत यायच्या आणि गाळायला जायच्या. प्रेक्षकाच्या हाती तिकिटाचा अर्धा तुकडा. कॅसेट आणि डिस्क आल्यावर पहिल्यांदा चित्रपट सर्रास लोकांच्या कपाटात गेला. म्हणून ‘डिस्क मेली’ म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांना माझं सांगणं आहे की, मेलं ते माध्यम. अनेक हातांत अनेक प्रती असण्याची गरज मेलेली नाही. १९२७च्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन चित्रपटाचा कापून हरवलेला मोठा भाग २००८ साली सापडला तो ब्यूनोस आयर्समध्ये, १६ मिलिमीटरच्या एका ओरखडलेल्या प्रतीत. जर्मनीत नव्हताच.

तुकोबांची गाथा इंद्रायणीतून तरली, कारण ती लोकांच्या तोंडी होती, असं आपण म्हणतो. नाटकाचंही तसंच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं. ते आज कुणी पाहिलेलं नाही, पण पदं उरली की खेळ पुन्हा उभा करता येतो. नाट्यपंढरी म्हणून आपण जे मिरवतो ते या पुन्हा उभं करण्यावरच. चित्रपट तोंडपाठ होत नाही. ‘संत तुकाराम’मधल्या विष्णुपंत पागनीसांचा चेहरा कोण पाठ करणार?

आणि पाण्याशी आमची ओळख गाथेपुरती नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमचं गावभागातलं घर पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत बुडालं. तळमजल्यावर वडिलांनी वीस वर्षांत जमवलेल्या मराठी चित्रपटांच्या व्हीसीडी-डीव्हीडी होत्या, बुटांच्या खोक्यांत, वर्णानुक्रमानं. नऊ दिवसांनी दार उघडलं तेव्हा खोक्यांचा लगदा झालेला आणि त्या लगद्यातून चकत्या अशा डोकावत होत्या जशा आमटीतल्या मुळ्याच्या फोडी. आम्ही त्या अंगणात टबात घालून भांड्याच्या साबणानं धुतल्या. काहींचा चंदेरी थर पोपड्यासारखा सुटून हाताला आला. खाली उरलं नुसतं पारदर्शक प्लॅस्टिक, त्यातून पलीकडचा चिखल दिसायचा. व्हीसीडीवर एक चित्रपट दोन चकत्यांत मावायचा. कित्येक चित्रपटांची दुसरीच चकती वाचली. वडील अजूनही ती लावतात. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं पहिला भाग तोंडी सांगतात, कोण कुणाचा, कर्ज कसं झालं, आणि मग बटण दाबतात. कपाटात प्रत असली की वारसा सुरक्षित, असं मी म्हणत नाही ते यासाठी. प्रती हव्यात, पण त्या चांगल्या मुळावरून निघालेल्या हव्यात आणि बुडाल्या तर पुन्हा काढता येतील अशा हव्यात. म्हणजे फिरून डबा.

आता पैशाचा आक्षेप, जो मला सगळ्यांत जास्त टोचतो. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान ५९७ कोटींचं; त्यातून २०२२ साली सुमारे २२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी जाहीर झाले. जत-आटपाडीत उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या माणसासमोर हा आकडा कसा उच्चारायचा? लाजत उच्चारायचा, पण उच्चारायचा. कारण हा खर्च आता होऊनच राहिलाय, आणि लोकांच्या पैशानं स्वच्छ झालेला चित्रपट महोत्सवात एकदा दाखवून पुन्हा कुलपात गेला तर तो टँकरवाला आणि मी दोघंही फसलो. आणि सगळं सरकारी तिजोरीतूनच यायला हवं असंही नाही. ‘मंथन’ १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून उभा केला होता. २०२४ साली तो पुनरुज्जीवित होऊन कानच्या महोत्सवात गेला आणि नंतर आपल्याकडच्या चित्रपटगृहांतही लागला. दूध संघ आणि साखर कारखाने कशानं चालतात हे ज्या जिल्ह्यात शाळकरी पोराला कळतं, तिथं या वाटेचं नवल का वाटावं?

खरी अडचण पैशाच्या अलीकडं आहे. आपल्या कायद्यानं चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे निदान १९६४ सालापर्यंत प्रदर्शित झालेले चित्रपट, चित्रपट म्हणून, मोकळे झालेत. ‘श्यामची आई’ तर २०१४ पासूनच. (मूळ लेखनाचा हिशोब वेगळा, तो लेखकाच्या निधनापासून ६० वर्षांचा, आणि त्यातच भलेभले अडकतात.) माझा वहीवाला मित्र हे कळल्यावर नाचलाच. पण हक्क संपला म्हणून डबा हातात येत नाही. कायदा फक्त म्हणतो, छापा. छापायचं कशावरून, ते सांगत नाही. पुस्तकाच्या बाबतीत १९५४चा कायदा आहे: प्रकाशकानं स्वखर्चानं प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यायची. चित्रपटासाठी अशी सरसकट सक्ती आपल्याकडं नाही. पी. के. नायर यांनी पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या चित्रपट संग्रहालयासाठी उभ्या हयातीत जे जमवलं ते बरंचसं दारोदार हिंडून, निर्मात्यांच्या वारसांना गोडीगुलाबीनं पटवून. वारसांनाही मी सरसकट दोष देणार नाही. आजोबांनी घर गहाण टाकून काढलेल्या चित्रपटाचे डबे नातवानं वर्षानुवर्षं भाडं भरून सांभाळलेत. उद्या कुणी येऊन ‘हे तर आता सगळ्यांचं’ म्हणालं तर तो दार लावून घेणारच. त्याला बदल्यात काय देणार, हा प्रश्न आमच्या गच्चीवर एकदाही निघाला नाही. टक्के मात्र दर महिन्याला निघतात.

१८९०च्या दशकात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आपल्या शेजारच्या वाईत कागद शोधत हिंडत होते. मराठ्यांचा इतिहास ‘कधी येणार’ याची वही त्यांनी घातली नाही. दप्तर कुणाच्या माळ्यावर आहे, वाळवी कुठवर आलीय, मालक दाखवील का, उद्या हे कागद वाण्याकडं पुड्या बांधायला जातील का, एवढंच ते विचारत राहिले; १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. चित्रपटवेड्यांकडं हीच चिकाटी आहे, ती चुकीच्या खात्यावर खर्ची पडतेय. मला हवीय ती मागणी अगदी साधी: प्रत्येक जुन्या चित्रपटापुढं निगेटिव्ह की प्रत, ३५ की १६ मिलिमीटर, किती रिळं, शेवटची तपासणी कधी, हक्क कुणाचा, अशी नोंद असलेली यादी, जी सांगलीच्या वाचनालयात बसून कुणालाही उघडता यावी. आणि हक्क संपलेल्या चित्रपटांचं लोकांच्या पैशानं केलेलं चांगलं स्कॅन माफक फी भरणाऱ्या कुणालाही मिळावं, मग तो डिस्क काढो, फोनवर टाको, नाहीतर चादरीवर दाखवो.

अशानं काही होतं का? सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’पासून सुरू होणाऱ्या अपू-त्रयीची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेच्या आगीत होरपळली. त्या वेळच्या तंत्राला ती निरुपयोगी होती. तरी अमेरिकेतल्या, ऑस्कर देणाऱ्या अॅकॅडमीनं डबे टाकले नाहीत, नोंद करून ठेवून दिले. वीसेक वर्षांनी इटलीत बोलोन्याच्या कारागिरांनी ते वितळलेले, चिकटलेले तुकडे हातानं सोडवले. पहिल्या दोन चित्रपटांचा बराच भाग त्याच जळक्या फिल्ममधून निघाला, तिसऱ्यासाठी दुसऱ्या प्रती शोधाव्या लागल्या. २०१५ साली हे तिन्ही चित्रपट जगभर आले आणि लोकांच्या घरीही गेले. यातला एकही टक्का १९९३ साली कुणी मांडू शकला नसता. डबा कुठं आहे हे मात्र माहीत होतं.

गेल्या महिन्यात गच्चीवर सिनेमा न लावता आम्ही माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, तीन चित्रपट, प्रत्येकाचे चार प्रश्न. मसुदा वहीवाल्यानं उतरवला, कारण अक्षर त्याचंच बरं. वाचायला घेतला तर शेवटी पाचवा प्रश्न: ‘सदर चित्रपटांची ब्लू-रे कधी येणार?’ मी म्हटलं, अरे बाबा, कार्यालयाकडं जे नोंदलेलं आहे तेवढंच या कायद्यात मागता येतं, भविष्य नाही. त्यानं तो खोडला. मी चहा आणायला खाली गेलो. वर येईतो पाकीट चिकटवून झालं होतं आणि तो बोटांचा डिंक पँटला पुसत होता.

“टीप म्हणून घातलंय,” तो म्हणाला. “टिपेला कोण हरकत घेतंय?”